मानाचे मासे

विहिणीचा मान म्हणून मासे मागून घेणारी बाई उभ्या महाराष्ट्रात एकच झाली असेल, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली. लोकांच्या विहिणी पैठणी मागतात, चांदीचं ताट मागतात, काहीच सुचलं नाही तर रुसून बसतात आणि कशावर रुसल्या ते लग्न लागेपर्यंत कळू देत नाहीत. आमच्या विहीणबाई रुसल्या नाहीत, हरवल्या. औरंगाबादच्या ज्या मंगल कार्यालयात माझ्या लेकीचं, मनूचं लग्न होतं, त्याच्या दारात शोभेचं कारंजं होतं आणि कारंज्याखाली पाण्याचं टाकं. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ आली तरी नवरदेवाच्या आईचा पत्ता नाही, तेव्हा दोन्हीकडची माणसं शोधायला धावली. विहीणबाई त्या टाक्याच्या कठड्यावर बसल्या होत्या. शालूचा पदर पाण्यात भिजत होता आणि हातातल्या अक्षता त्या एकेक करून माशांना घालत होत्या. मी हात जोडून म्हणालो, "विहीणबाई, चला, मुहूर्त टळतोय." व्याह्याला त्या इवाई म्हणत. त्यांनी वर न बघता विचारलं, "इवाई, ह्यो तांबडा दिसभर असाच फिरतो का? कुठं टेकत न्हाई?" लेकीच्या लग्नाच्या दिवशी बापाला काय काय प्रश्न पडतात याचा मी बराच विचार करून ठेवला होता, पण हा त्यात नव्हता.

संध्याकाळी माझी बायको साडी-चोळी घेऊन मान करायला गेली, तर विहीणबाईंनी साडीवरून नुसता हात फिरवला. "ऱ्हाऊ द्या. साड्या लई हायत. मान करायचाच आसंल तर त्या तांबड्या जोडीचं बघा काही." कार्यालयाच्या मॅनेजरनं आजवर भांडी मोडलेली पाहिली होती, गाद्या पळवलेल्या पाहिल्या होत्या, पण मासे मागायला आलेला वधुपिता त्यानं पहिल्यांदाच पाहिला. त्यानं बिचाऱ्यानं एक जोडी पाण्याच्या पिशवीत घालून दिली. ती पिशवी मांडीवर घेऊन विहीणबाई जीपमध्ये बसल्या त्या थेट गावापर्यंत. मनू सांगते, वाटेत त्या ड्रायव्हरला सारख्या "हळू रं, हळू" म्हणत होत्या. तिला वाटलं, सासूबाईंना नव्या सुनेची किती काळजी. तेवढ्यात त्या पिशवीकडे वाकून म्हणाल्या, "लागलं का रं राजा?" दारात ओवाळताना तबक एकदा नवरा-नवरीवरून फिरलं आणि एकदा पिशवीवरून.

गेवराईहून चकलांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आत वळलं की त्यांचं गाव लागतं. घर शेतकऱ्याचं, बऱ्यापैकी जमीनजुमला असलेलं, पण गावात त्या घराला ओळख आहे ती विहीणबाईंमुळे. गावातल्या महिला दूध संस्थेच्या त्या स्थापनेपासूनच्या चेअरमन. सकाळी संकलन केंद्रावर त्यांचा आवाज सुरू झाला की शेजारच्या वस्तीवरच्या म्हशी पान्हा सोडतात असं आमचे व्याही म्हणत, आणि व्याही माळकरी गृहस्थ असल्यामुळे खोटं बोलत नसत. त्या फोनवर बोलायच्या तेव्हा मी बीडला घरात फोन कानापासून हातभर लांब धरत असे, आणि तरी माझी बायको स्वयंपाकघरातून त्यांना परस्पर उत्तरं देत असे. दुधातलं पाणी ओळखायचा लॅक्टोमीटर त्यांच्या हाताला इतका सवयीचा झाला होता की माणसांच्या बोलण्यालाही त्या तोच लावत. कुणी बढाई मारायला लागला की शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ह्यात पानी हाय." आमदारापासून माझ्यापर्यंत कुणी त्यातून सुटलेलं नाही. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. पण लग्न जुळवताना मध्यस्थानं 'धरणावर होते' असं सांगितलेलं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला न्याहाळलं आणि व्याह्यांना म्हणाल्या, "ह्यात पानी हाय, पर माणूस सकस हाय." माझ्याविषयी इतकं नेमकं माझ्या साहेबांनीही कधी लिहिलं नव्हतं.

त्यांची दुसरी सवय म्हणजे कुठलंही काम काढलं की त्या सगळ्या गावाचा सल्ला घेत. विचारताना इतक्या मनापासून विचारायच्या की सांगणाऱ्याला वाटावं, आता ही बाई आपण म्हणू तसंच करणार. मग त्या सगळं ऐकून मनाला येईल ते करत, आणि काम फत्ते झालं की सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला "तुमी म्हनला व्हता तसंच केलं बघा" असं सांगत. त्यामुळे गावात त्यांना शत्रू फारसे नव्हते. माशांसाठी अंगणात, मोगरा आणि जास्वंदीच्या मधोमध, हौद बांधायचा ठरला तेव्हा त्यांनी हाच कार्यक्रम लावला. प्रश्न एकच होता, खोली किती? विहीर खोदणारा म्हणाला, दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल तरी जाऊ द्या, नशीब असलं तर खाली झरा लागेल. गवंडी म्हणाला, बाई, जेवढं खोल तेवढी वीट जास्त, गुडघाभर पुरे. माझे जावई, म्हणजे विहीणबाईंचे चिरंजीव, शेतीशास्त्राचे पदवीधर. त्यांनी मोबाईलवर बघून सांगितलं की शोभेच्या हौदाला दोन फूट आदर्श. व्याह्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मला कावून इचारता? मी पवनार हाय का त्यात?" शेवटी मला फोन आला. मी खात्यात शिकलो होतो त्याप्रमाणे 'पाहणी करून कळवतो' असं उत्तर दिलं.

त्या खेपेला पदवीला मान देऊन विहीणबाईंनी जावयांचं ऐकलं, आणि माझ्या माहितीत त्यांनी दुसऱ्याचं जसंच्या तसं ऐकण्याची ती एकमेव वेळ. हौद झाला दोन फूट खोल आणि खाटेएवढा ऐसपैस. विहिरीचं पाणी भरलं, तांबडी जोडी सोडली, गाव बघायला आलं. माळकऱ्याच्या दारात मासे म्हटल्यावर काही लोक "कालवण कवा?" असं विचारून गेले आणि व्याह्यांनी प्रत्येकाला शांतपणे बुक्क्याची डबी पुढे करून वाटेला लावलं. होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि एके दुपारी विहीणबाईंना मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले. जावई म्हणाले, ऑक्सिजन कमी पडतोय. विहीणबाईंनी वाद घातला नाही. नऊवारीचा काष्टा खोचला आणि भर दुपारी त्या स्वतः हौदात उतरल्या. बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग तिथूनच ओरडल्या, "अवं, हे तर चुलीवरचं पानी झालंय! माझंच डोकं गरगरतंय, त्यांचं काय व्हत आसंल?"

मासे तात्पुरते स्वयंपाकघरातल्या रांजणात गेले. तो व्याह्यांच्या गार पाण्याचा रांजण होता. पुढे हौद खोदून होईपर्यंत व्याही तांब्या घेऊन शेजारी पाणी प्यायला जात आणि शेजाऱ्यांना सांगत, "आमच्याकडं पाव्हणे उतरलेत." इकडे विहीणबाईंनी खोलीचा प्रश्न स्वतःच्या पद्धतीनं सोडवला. मी नेमका त्याच दिवशी पोचलो होतो. त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि माझ्यासमोर उकळतं दूध दोन भांड्यांत ओतलं, एक परातीत, एक उभ्या हंडीत. "इवाई, आता बोट घाला." परातीतलं दूध चहा पिऊन होईस्तोवर निवलं होतं, हंडीतलं बोटाला चटका देत होतं. "बघा. पसरट भांडं झटकन तापतं, झटकन निवतं. दुपारी भट्टी, पहाटं बरफ. खोल भांडं दमानं घेतं. आन् उन्हात तोंड उघडं कमी, म्हंजी पानी उडून बी कमी जातं. मग आपुन माशाला परातीत कावून ठिवलंय?" मी म्हणालो, "अगदी बरोबर. हंडी करा." त्या लगेच ओरडल्या, "ऐका रं, इवाई म्हनतेत हंडी करा!"

हंडीची खोली मोजायला टेप आणायला कुणी गेलंच नाही. व्याह्यांना खड्ड्यात उतरवलं गेलं. गवंडी खणत गेला तसे व्याही खाली खाली जात राहिले. कंबरेपर्यंत गेले, विहीणबाई म्हणाल्या, "आजून." पोटापर्यंत गेले, "आजून." बरगड्या झाकल्या गेल्यावर त्यांनी वरून वाकून विचारलं, "पायाला कसं वाटतंय?" व्याही म्हणाले, "गार लागतंय. आन् बरं बी वाटतंय. भाकरी हितंच द्या." तिथं खणणं थांबलं. म्हणजे आमच्या विहीणबाईंच्या हौदाची अधिकृत खोली म्हणजे छातीभर व्याही. एका कडेला पायरीसारखी उथळ जागा सोडली, मोगऱ्याच्या बाजूनं वेलीचा मांडव घातला, तोंड अर्ध्यानं आवळलं. त्या उन्हाळ्यात बाहेर पत्र्यावर पापड भाजले जात होते तेव्हा खालच्या गारव्यात तांबडी जोडी सुखानं फिरत होती. विहीणबाई दिवसातून दोनदा हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून खात्री करून घ्यायच्या आणि ओल्या हातानं जावयाच्या पाठीवर थाप मारायच्या. "तू म्हनला व्हतास तसंच केलं बघ. नुसतं जरा खोल."

मग पावसानं पाठ फिरवली. आमच्या बीड जिल्ह्याला हे नवीन नाही, पण त्या सालानं सगळ्यांचे डोळे पांढरे केले. पेरलेलं करपलं. दिवाळीच्या आधीच विहिरींनी तळ दाखवला. ऊसतोडीला दरवर्षी जाणारी घरं तर गेलीच, न जाणारीही गेली. मागे म्हातारी माणसं आणि म्हशी राहिल्या. संक्रांत उलटली आणि गावात टँकर सुरू झाला. ज्या दिवशी टँकर पहिल्यांदा आला, त्या दिवशी विहीणबाईंनी तुळशीपुढे उभं राहून साऱ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, "टँकरचं एक थेंब पानी माशाला जानार न्हाई. आन् मासे मरनार बी न्हाईत." या दोन वाक्यांचा मेळ कसा घालायचा हे घरात कुणालाच कळेना. मनूनं मला फोन करून विचारलं, "बाबा, आता काय होणार?" मी म्हणालो, "तुझ्या सासूबाई गावाचा सल्ला घेतील." पण या वेळी त्यांनी कुणाला विचारलं नाही. टँकरवरून चिडलेल्या गावाला माशांबद्दल काय विचारणार?

पहिला प्रयोग त्यांनी दुधाच्या कॅनच्या धुण्याचा केला. संस्थेचे कॅन रोज खंगाळले जात आणि ते पांढुरकं पाणी वाया जात असे. "दूधच हाय ना, ताकद यील," म्हणून त्यांनी थोडं हौदात सोडलं. एका दिवसात हौदाला फाटलेल्या दह्याचा वास सुटला आणि मासे पुन्हा रांजणात गेले. व्याह्यांनी न बोलता तांब्या उचलला. विहीणबाई मात्र ते पाणी उपसून झाडांना घालताना म्हणाल्या, "चूक झाली. दूध पिणारा मासा कुनी बघितलाय का?" आणि त्याच दमात त्यांची नजर न्हाणीघरातून अंगणात वाहत येणाऱ्या मोरीकडे गेली. घरातली सगळी माणसं बादलीभर का होईना, अंघोळ करत होती. ते पाणी रोज मातीत जिरत होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं लेकीला भेटायला गेलो, तेव्हा दारातच विहीणबाईंनी स्वागत केलं आणि हात पुढे केला. "साबण काढा." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. उंबऱ्याच्या आत साबण न्यायची बंदी होती. माझ्या पिशवीतली चंदनाची वडी त्यांनी ओवळ्या वस्तूसारखी दोन बोटांत धरून दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवली आणि मला वाटीभर डाळीचं पीठ दिलं. बायकोला शिकेकाई. "साबनाचं पानी दगडातून गाळा न्हाईतर कापडातून गाळा, मासा वळखतो," त्या म्हणाल्या. घरातले कपडे आता गावाबाहेरच्या खडकावर धुतले जात. माझे जावई, जे मोटारसायकलवरून तालुक्याला जाताना अंगाला सुगंधी फवारे मारत, ते त्या दिवसांत भज्यांच्या दुकानासारखे घमघमत.

अंगणात गाळणीची पहिली आवृत्ती उभी होती: एक पिंप, त्यात व्याह्यांच्या जुन्या धोतराच्या घड्या, वर रेती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत शिरलो. अंगाला पीठ चोळलं, दोन तांबे पाणी घेतलं, आणि पाणी जाण्याऐवजी घोट्यापर्यंत चढायला लागलं. धोतरानं पीठ धरलं होतं, पिठानं रेती धरली होती, आणि आत कणीक मळून तयार होती. मी आतून ओरडलो, बाहेरून विहीणबाई ओरडल्या, "हालू नका इवाई! पानी सांडंल!" त्या दिवशी मी टॉवेल गुंडाळून, पिठानं माखलेला, पायाखाली तळं, असा बराच वेळ पुतळ्यासारखा उभा राहिलो. बायको बाहेर हसून हसून खाली बसली होती. पण अशा वेळी माणसाला एकांत मिळतो, आणि तिथं उभं असताना मला कालव्यांच्या फायली आठवल्या. आमच्या खात्यात कुठलंही पाणी थेट पुढे जात नाही. आधी त्याला गाळ टाकायला जागा देतात, थांबवतात, मग सोडतात. मी आतूनच ओरडून सांगितलं, "विहीणबाई, पाण्याला आधी बसू द्या! गाळ खाली बसला की वरचं निवळ तेवढंच गाळणीत घ्या!" बाहेर पिंप खरवडायचा आवाज थांबला. मग साऱ्या वस्तीला ऐकू गेलं, "इवाई खरंच धरणावर व्हते!"

त्या दिवसापासून माझ्या बोलण्यातलं पाणी त्यांनी माफ केलं. आम्ही दोघांनी मिळून नवी गाळणी उभी केली. न्हाणी ओट्यावर उंच होती, हौद खाली अंगणात, म्हणजे उतार आयताच मिळाला. मोरीचं पाणी आधी विटांच्या एका चौकोनी टाक्यात पडे आणि संध्याकाळपर्यंत निपचित राही. वरवरचं पाणी नळीनं पहिल्या पिंपात, तिथं खाली मोठे दगड, वर खडी. दुसऱ्या पिंपात रेती आणि चुलीतला धुऊन घेतलेला कोळसा. कापडाला कायमची रजा दिली. तिथून पाणी एका लांबट वाफ्यात जाई. वाफ्यात माती नव्हती, नुसती खडी, आणि खडीत कर्दळी लावलेल्या. कर्दळीची मुळं पाण्यातलं उरलंसुरलं खात. वाफ्याच्या टोकाला नळी मुद्दाम उंच ठेवली, म्हणजे धार हौदात वरून पडावी आणि पाण्यात हवा मिसळावी. पहिली धार पडली तेव्हा विहीणबाईंनी ती आधी लॅक्टोमीटरनं मोजली. "पानी हाय," त्यांनी निकाल दिला, "निव्वळ पानी." मग व्याह्यांना वास घ्यायला लावलं, मला घ्यायला लावलं, आणि सगळ्यांचं समाधान झालं. काही दिवसांनी हौद पुरेसा भरल्यावर रांजण उचलून आणवला. मासे खालच्या गारव्यात गेले, फिरून वर आले, आणि तोंडं मिटून शांतपणे पोहायला लागले. व्याह्यांनी आपला रांजण घासायला घेतला.

गावाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. गावाला दिसत होतं ते एवढंच, की टँकरपुढे भांडणं होतायत आणि चेअरमनबाईंच्या दारात हौद भरलेला आहे. संस्थेची निवडणूक तोंडावर होती. व्हाइस चेअरमन भामाबाई गेली कित्येक वर्षं व्हाइस होत्या आणि त्याचा त्यांना कंटाळा आला होता. एका दुपारी, मी तिथंच असताना, फाटकाबाहेर रिकाम्या हंड्यांचा आवाज झाला. बायका होत्या, पुष्कळ; पुढे भामाबाई. उन्हानं आणि रागानं सगळ्यांचे चेहरे लाल झालेले. मी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही गोठ्यात जाऊन उभे राहिले. मीही गेलो.

"अक्का," भामाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या लेकराबाळास्नी प्यायाला पानी न्हाई आन् तुमच्या दारात मासे पवतेत! टँकर कुनाच्या दारात रिकामा व्हतो, ते आमाला कळत न्हाई व्हय?"

मला वाटलं, आता विहीणबाईंचा आवाज सुटणार. पण त्या फाटक उघडत साध्या आवाजात म्हणाल्या, "आत या. उन्हात कावून हुब्या?" बायका आत आल्या. "भामाबाई, आज अंघोळ झाली का?"

भामाबाई चिडल्या. "अंघोळ? अक्का, तोंड धुयाला पानी न्हाई!"

"मग हितं करा. माझ्या वाटनीची बादली तुमाला. मी आज तशीच ऱ्हाते. आन् हळद लावून करा, म्हंजी पानी कुठं जातं ते समद्यांला दिसंल."

विहीणबाईंनी खरंच वाटीभर हळद कालवून आणली. भामाबाई नाही नाही म्हणत होत्या, पण आता बाकीच्या बायकांना कुतूहल वाटू लागलं होतं. कुणीतरी त्यांच्या गालाला हळद लावली, दुसरीनं हाताला लावली, तिसरी म्हणाली, "नवरी दिसते गं!" आणि एकीनं हळदीचं गाणं धरलं. भांडायला आलेला जमाव बघता बघता लग्नघरासारखा झाला. भामाबाई रागानं आत गेल्या आणि अंघोळीचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी बादलीभर पाणी एकदम अंगावर घेतल्याचा तो आवाज होता, हे गोठ्यात उभ्या असलेल्या मलाही कळलं.

पिवळंधमक पाणी मोरीतून आलं आणि चौकोनी टाक्यात पडलं. सगळ्या बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या. विहीणबाईंनी मनूला ताक करायला लावलं. ताक झालं, गप्पा झाल्या, सावली लांबली, पण कुणी उठलं नाही. हळद हळूहळू तळाला बसत गेली. संध्याकाळ व्हायला आली तसं पाणी पिंपांतून, कर्दळीतून पुढे सरकलं आणि टोकाच्या नळीतून हौदात बारीक धार पडायला लागली. भामाबाई ओल्या केसांनी तिथं उकिडव्या बसल्या. धारेखाली ओंजळ धरली, पाणी बघितलं, वास घेतला, पुन्हा बघितलं.

"अक्का, हळद कुठं गेली?"

"ऱ्हायली मागं. दगडात, कोळशात."

"आन् ह्यात टँकरचं किती?"

"तुमच्या घरी येतं तेवढंच माझ्या घरी येतं. त्यातच पेनं, त्यातच अंघोळ. अंघोळीचं हे. दुसरं काय न्हाई."

भामाबाईंनी एकदा माशांकडे बघितलं, एकदा मोरीकडे. मग त्यांनी जे विचारलं, त्यानं त्या उन्हाळ्याचं रूपच पालटलं. "अक्का, आमच्या अंघोळीचं पानी रोज रस्त्यावर जातं. ते मासे न्हाई पाळायचे आमाला. पर म्हशीच्या चाऱ्याला चालंल का?"

विहीणबाईंनी पदर खोचला. "इवाई!" गोठ्याच्या दिशेनं हाक आली. "बाहेर या! काम हाय!"

पुढचे दिवस मी आयुष्यात कधी केली नव्हती एवढी खात्याची नोकरी केली. दारोदार जाऊन उतार बघितला. चाऱ्याला माशाइतके चोचले नव्हते. एक बसवण्याचं टाकं, एक खडीचं पिंप, आणि परसात हत्तीघासाचा वाफा. सगळ्या बायकांनी ते आपापल्या हातानं केलं. ऊसतोडीला गेलेल्या घरांमागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी भामाबाई स्वतः दगड वाहत होत्या, आणि पायाला ठेच लागली की विहीणबाईंच्या नावानं शिव्या देत होत्या, पण आता त्या शिव्यांत माया होती. आसपासच्या गावांतल्या दूध संस्थांना त्या उन्हाळ्यात कुलपं लागली. जनावरं आष्टीच्या बाजारात मातीमोल गेली. आमच्या विहीणबाईंच्या संस्थेचा काटा एक दिवसही बंद पडला नाही. दूध कमी होतं, पण रोज होतं. तालुक्याहून अधिकारी बघायला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेतला साबणही कोनाड्यात ठेवून घेतला गेला.

निवडणूक बिनविरोध झाली. चेअरमन म्हणून विहीणबाईंचं नाव सुचवायला भामाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला आक्षेप न्हाई, पर एक अट हाय. पुढच्या खेपी मी." सभेत टाळ्या झाल्या. मग हलगी, मग गुलाल. मिरवणूक नाचत फाटकापाशी आली आणि विहीणबाईंनी दोन्ही हात आडवे पसरले. "थांबा! गुलाल झटका आधी! एक कन बी पाण्यात गेला तर बघते एकेकीला!" म्हणून विजयी मिरवणूक फाटकाबाहेर पदर आणि टोप्या झटकत उभी राहिली, हलगीवाल्यानं हलगी पुसली, आणि मग सगळे चपला काढून, पाय पुसून, देवळात जावं तसे हौदाजवळ गेले. व्याही पाण्यात डोकावत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बोट दाखवलं. उथळ पायरीवर, शेवाळाजवळ, मोहरीएवढे काळे ठिपके हलत होते. पिल्लं होती. "काळी हायत," व्याही हळूच म्हणाले. "उन्हानं आसंल," विहीणबाई म्हणाल्या, आणि निवडणुकीचे पेढे लगेच बारशाचे झाले. पुढे ती पिल्लं आपोआप तांबडी झाली, तेव्हा व्याह्यांचा आनंद बघण्यासारखा होता. "बाळसं धरलं बघा," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

दुष्काळ सरला, विहिरी भरल्या, साबण परत घरात आला. भामाबाई ठरल्याप्रमाणे चेअरमन झाल्या. व्याही मागल्या साली गेले, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, कुणाला त्रास न देता. यंदाच्या थंडीत मी गेलो तेव्हा संध्याकाळी मी आणि विहीणबाई दोघंच हौदाच्या कठड्यावर बसलो होतो. मनू आत दिवा लावत होती. खाली तांबड्यांची दाटी झाली होती. त्यातली ती पहिली जोडी कुठली, हे आता कुणालाच ओळखता येत नाही. विहीणबाई त्यांना भाकरीचा चुरा घालत होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "शांत असतात बिचारे."

"म्हनून तर हितं बसते," त्या म्हणाल्या. "घरात समदे बोलतेत. बोलाया लागले की ह्यांचं नाव निघतं. मासे काय बोलत न्हाईत."

मीही चिमूटभर चुरा पाण्यात सोडला. थोड्या वेळानं गार वारं सुटलं तशा त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चला इवाई, सर्दी व्हईल. भाकरी टाकते." त्या पुढे चालायला लागल्या, आणि मी आपसूक माझी पावलं आखडती घेतली. त्या सावकाश चालत होत्या, मला त्यांच्या पुढे जायचं नव्हतं.